आराखड्यात नसलेली बाई

नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या हातात सगळ्यात जास्त काय राहिलं असेल, तर खोडरबर. पेन फक्त सहीपुरतं. बाकी सगळं पेन्सिलीनं, कारण माझं काम होतं विशेष गरजा असलेल्या शाळकरी मुलांच्या थेरपीचं आणि मदतीचं नियोजन, आणि हे नियोजन दर सोमवारी बदलायचं. फिजिओथेरपीवाली मुलगी तापानं पडली, खोडा. शाळेत अचानक लसीकरण निघालं, खोडा. एखादी आई दारात उभी राहून म्हणायची, "मॅडम, शुक्रवारी आमच्याकडे टँकर येते जी, शुक्रवार नका ठेवू." की पुन्हा खोडा. तक्त्याचा कागद काही चौकोनांत इतका झिजायचा, की खालच्या टेबलाचा रंग दिसायचा.

हे काम नेमकं काय असतं, ते मी घरच्यांनाही कधी नीट सांगू शकले नाही. सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, "आमची सून सरकारी डॉक्टर आहे, फक्त औषध देत नाही." शेजाऱ्यांना वाटे, मी मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत शिकवते. सुरुवातीला मी समजावून सांगायची. मग कंटाळले आणि नुसतं "हो" म्हणायला लागले.

आता दिवाळी अंकाची पानं मिळालीच आहेत, तर एकदा सांगून टाकते. ज्या मुलाला चालता, बोलता, ऐकता किंवा शिकता येण्यात अडचण आहे, ते मूल घराजवळच्या साध्या शाळेतच शिकावं, आणि त्याला लागणारी जास्तीची मदत त्याच्यापर्यंत पोचावी, अशी कल्पना. कुणाला पायांचे व्यायाम लागतात, कुणाला बोलण्याचे. कुणाला मोठ्या अक्षरांचं पुस्तक लागतं, तर कुणाला फक्त पंख्याच्या आवाजापासून लांबचा बाक. प्रत्येक मुलाचा दरवर्षी एक आराखडा करायचा. आज त्याला काय येतं, वर्षभरानं काय यायला पाहिजे, त्यासाठी कोण, कुठे, आठवड्यातून किती वेळा. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या सगळ्या भागाला मिळून फिजिओथेरपिस्ट एक, आणि मुलं तिच्या दिवसांत काही केल्या मावायची नाहीत. एका पोराला मंगळवार द्यायचा म्हणजे दुसऱ्याचा काढायचा. तो कोणाचा काढायचा, हे ठरवणारी बाई म्हणजे मी.

मला हे काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझं माहेर भोसल्यांच्या काळापासून कारकुनांचं. कागदाला कागद लावला, टाचणी टोचली, की आमच्या घरातल्या माणसाला जेवल्यासारखं वाटतं. माझे आराखडे सुरेख असायचे. हिरवी पेन्सिल फिजिओथेरपीला, निळी बोलण्याच्या थेरपीला, लाल घरभेटीला. प्रशिक्षणात इतर भागांतल्या बायका त्याचे मोबाईलवर फोटो काढून न्यायच्या. मी वरवर "अहो, त्यात काय" म्हणायची आणि कागद जरा उजेडात सरकवायची.

गिऱ्हाइकंही एकेक नग यायची. गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार करणारे एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू पाच वर्षांचा, शब्द फुटलेला नव्हता. मी सांगितलं, आठवड्यातून दोनदा, निदान वर्षभर. आजोबांनी मान हलवली. म्हणाले, "दोनदा दोनदा काहून? महिनाभर रोज करून टाका ना एकदम. ठोकमध्ये घेतलं का काम लवकर होते." त्यांना समजावता समजावता माझा चहा थंड झाला. पण माणूस मोठा निष्ठेचा. वर्षभर थेरपीची एकही पाळी चुकवली नाही, आणि नातवानं पहिला शब्द "दादा" म्हटला तेव्हा त्यांनी आमच्या सगळ्या थेरपी केंद्राला समोसे वाटले.

दुसऱ्या एका पोराच्या आराखड्यात मी लिहिलं होतं, ‘बुटाची नाडी स्वतः बांधणे.’ तीन महिने आम्ही त्याच्याकडून नाडी बांधून घेतली. पोरगं शिकलं. मी फुशारून घरभेटीला गेले, तर दाराशी चिकटपट्टीचे बूट. त्याची आई म्हणाली, "त्याले नाडीचा लई त्रास होत होता मॅडम, म्हणून नाडीवाले बूट आम्ही त्याच्या भावाले देऊन टाकले." मी तिथे खूप हसले. हसण्याऐवजी जरा विचार केला असता तर बरं झालं असतं.

सृष्टीचं सांगायचं तर आधी घरच्या शिक्षणाचा अर्ज काय असतो, ते सांगावं लागेल. काही मुलं इतकी आजारी असतात की त्यांना शाळेत आणणंच शक्य नसतं. त्यांचं नाव शाळेच्या पटावर राहतं आणि आमचा शिक्षक आठवड्यातून एकदोनदा घरी जाऊन शिकवतो. सोय चांगली आहे, ज्याला लागते त्याला मिळायलाच पाहिजे. पण आतली गोष्ट अशी, की एकदा घरी बसलेलं मूल शाळेत परत आलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. सुरुवातीला मैत्रिणी येतात, मग त्यांची परीक्षा येते, मग कोणी येत नाही. त्या अर्जावर शाळा सही करते, आईबाप करतात, आणि सगळ्यात खाली शिफारस असते ती माझी. माझ्या शिफारशीशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

सृष्टी नंदनवनातल्या एका शाळेत चौथीत होती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे पाय कडक. चालायचं ते वॉकर धरून, तेही दहा पावलांवर थांबत. डोकं मात्र लख्ख, आणि जीभ त्याहून. पहिलीत असताना मी तिला विचारलं होतं, मोठेपणी कोण व्हायचं? ती म्हणाली, "पहिली तर होऊ द्या आधी." बाप बुटीबोरीला सूतगिरणीत पाळीवर. आई, वंदना, एका टिफिन सेंटरमध्ये पोळ्या करायची. सकाळी पोरीला ऑटोनं शाळेत सोडायची, संध्याकाळी न्यायची. "आमच्या घरात शिकल्याबिगर कोणाचं चाललं नाही, मॅडम," ती मला म्हणायची. "माह्या सासऱ्यानं हमाली करून तीन पोरं शिकवले. हे तर एकच हाय."

पहिली ते तिसरी, सृष्टीचा आराखडा म्हणजे माझा मानाचा कागद होता. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, वर्गात बाक बदललेला, उतारावर कठडा लावून घेतलेला, हजेरी जवळजवळ पूर्ण. प्रशिक्षणात मी तोच दाखवायची.

चौथीत जुलैमध्ये ती प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. सप्टेंबरात पुन्हा. आमची फिजिओथेरपिस्ट नेहा, कामाला नवीन पण मनापासून काम करणारी, तिनं टिपणात लिहिलं की सृष्टी लवकर थकते. मी तक्ता उघडला आणि तिच्या फिजिओथेरपीच्या आठवड्यातल्या दोन पाळ्यांच्या तीन केल्या. तिसरी पाळी एका दुसऱ्या पोराची काढली, त्याच्या आईशी त्यावरून दोन शब्दही झाले. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. मूल खालावलं की थेरपी वाढवायची. का खालावलं ते बघायला चौकोन नसतो, थेरपी वाढवायला असतो.

डिसेंबरात तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दवाखाना झाला, पंधरा दिवस शाळा बुडाली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. जानेवारीत परत आली आणि दुसऱ्याच आठवड्यात वर्गात पुन्हा भोवळ. आणि मग माझ्या टेबलावर घरच्या शिक्षणाचा अर्ज आला. कारण, ‘प्रकृती शाळेस योग्य नाही.’ मुख्याध्यापकांची सही. पहिलीपासून सृष्टीच्याच वर्गाबरोबर वर चढत आलेल्या वर्गशिक्षिका गावंडे मॅडमची सही. आईची सही नव्हती, तिनं आठ दिवस मागितले होते.

गावंडे मॅडमचं आणि माझं कधी पटलं नाही. बाई कडक. माझे फॉर्म त्यांच्याकडून परत यायचे ते लाल शाईनं शुद्धलेखन सुधारून. त्यांचा वर्ग पोरांनी गच्च भरलेला, आणि कुठलीही गोष्ट सांगितली की उत्तर एकच, "लिहून द्या." अर्जावर त्यांची सही बघून मी मनात म्हटलं, झालं, बाईला एक वॉकर कमी हवाय वर्गात. हे मी मनातच नाही, नेहाजवळ मोठ्यानंही म्हटलं. आणि तरीही खरं सांगते, मी त्या अर्जावर शिफारस करणार होते. दवाखान्याचे कागद जोडलेले होते. असे अर्ज मी आधीही पुढे पाठवलेले होते.

शिफारशीआधी शाळेला एक भेट द्यायची पद्धत असते. बहुतेक वेळा ती भेट मुख्याध्यापकांच्या खोलीतच आटोपते. त्या दिवशी मुख्याध्यापक बाहेर गेले होते आणि मधली सुट्टी झाली होती, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन पोरांच्या पंगतीत बसले.

जेवणाची गाडी आली होती. पूर्वी शाळेतच खिचडी शिजायची. त्या जूनपासून सगळ्या शाळांचं जेवण एका मोठ्या स्वयंपाकघरातून डब्यांत भरून यायला लागलं होतं. सृष्टी भिंतीला टेकून टोकाला बसली होती. वाढणारी बाई वरण घेऊन आली तर हिनं ताटावर हात आडवा धरला. कोरडा भात, वर चमचाभर भाजी.

मी म्हटलं, "घशात अडकत नाही का तुझ्या?"

"नाही."

"पाणी कुठे आहे?"

"तहान नाही मले."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना प्यायला?"

"घरी गेल्यावर पिते ना मी," ती म्हणाली आणि भात चिवडायला लागली.

तिच्या शेजारी एक दोन वेण्यांची पोरगी बसली होती. ती घास चावता चावता म्हणाली, "ते शाळेत पाणीच पीत नाही, मॅडम. आधी पीत होती, इंदूमावशी होती तवा." सृष्टीनं तिला कोपर मारलं.

इंदूमावशी कोण, तर शाळेत खिचडी शिजवायची ती बाई. जेवण बाहेरून यायला लागलं तसं तिचं काम संपलं होतं. मला तरी उमगेना. खिचडीवाल्या बाईचा आणि पाणी पिण्याचा काय संबंध? मी बाहेर येऊन तिच्या आईला फोन लावला. मागे पोळ्या लाटायचा आवाज येत होता.

"इंदूमावशी?" वंदना म्हणाली. "ते तुमच्याच ऑफिसनं ठेवलेली बाई होती ना, मॅडम? पोरीले बाथरूमले नेत होती ते? तिची बदली झाली काय?"

आमच्या ऑफिसनं अशी बाई कधी ठेवलेलीच नव्हती. मग विचारलं, आता कोण नेतं?

"दुसरी बाई आली असन ना तिच्या जागी. मी विचारलं पोरीले. ते म्हणे, जाऊन येतो ना मी, तू नको टेन्शन घेऊ."

गावंडे मॅडम शिक्षकांच्या खोलीत डबा खात होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "इंदूबाई न्यायची ना रोज. मला वाटलं, आईनंच सांगून ठेवलंय तिला. तुमच्या कागदात असेल ना." मी ऑफिसात येऊन कागद काढले. पहिलीचा, दुसरीचा, तिसरीचा. ‘दैनंदिन गरजा – प्रसाधन’ असा संडास-बाथरूमचा रकाना होताच. त्यात तिन्ही वर्षं माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं, ‘अडचण नाही.’ चौथीचा आराखडा करताना मी तिसरीचा समोर ठेवून तेच उतरवलं होतं.

म्हणजे आई समजत होती बाई ऑफिसची, शाळा समजत होती आईची, आणि ऑफिस समजत होतं की अडचणच नाही. जूनमध्ये एका स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि या पोरीनं त्याच दिवसापासून शाळेत पाणी पिणं सोडलं. वॉकर घेऊन त्या अरुंद संडासात तिला एकटीला जाताच येत नव्हतं. साडेदहा ते पाच, ती तहान मारून बसत होती, आणि मी तिला आठवड्यातून तीनदा पायांचे व्यायाम लावून दिले होते. मला स्वतःची इतकी लाज दुसऱ्या कुठल्या कामात वाटली नाही. घरी जाऊन मी जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच चिडले.

इंदूबाईचा पत्ता शाळेच्या शिपायानं दिला. ती आता गांधीबागेत एका साड्यांच्या दुकानात वरच्या माळ्यावर घड्या घालायच्या कामाला होती. मी दुपारी गेले. लहानशी, पन्नाशीची बाई, पदर खोचलेला, भोवती साड्यांचे ढीग. मी कोण ते सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"काही तक्रार हाय का जी? मी पोरीले हात लावत होती म्हणून?"

"तक्रार नाही हो इंदूबाई. विचारायला आले. तुम्हाला हे काम कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगन? एक दिवस पाहिलं, पोरगी चुळबुळ करून राहिली अन् कोणाले बोलत नाही. मले बी पोरी हायत." तिनं एक गठ्ठा सरकवून मला बसायला दिलं. "पण मॅडम, तिले मी कधी विचारलं नाही बरं, येतं का बाथरूमले म्हणून. पोराईसमोर विचारलं का तोंड उतरते तिचं. मी दारातून आवाज द्यायची, चल वं सृष्टी, तांदूळ निवडू लाग मले. मास्तरीण पाठवून द्यायची. पोराईले वाटे, हे तांदूळ निवडाले जाते. चार दाणे निवडत बी होती."

"रोज?"

"रोज. जेवणाच्या आधी. अन् तिले एकदम उचलायचं नाही. एकदम उचललं का पाय लाकडावानी होते. पहिले गुडघे चोळायचे, काहीतरी गोष्ट सांगायची, मंग मऊ पडते." तिनं हातवारे करून दाखवलं. हे मी पुढे नेहाला सांगितलं, तर ती म्हणाली की मॅडम, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात.

मी तिला म्हटलं, आमच्याकडे मदतनिसाची तरतूद आहे, तुम्ही याल का? ती नाही म्हणाली. बाळंतपणाला आलेल्या मुलीचं करून सून थकली होती, घरात हिचीच मिळकत लागत होती, आणि दुकानाचं काम बारमाही होतं. "पण आठ दिवस अर्धी सुट्टी काढून येते अन् कोणाले शिकवायचं त्याले शिकवून देते," ती म्हणाली. "मीटिंगले बी येते. पण मले खुर्चीवर नका बसवू."

मीटिंग गुरुवारी ठेवली. आमच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे की आराखड्याच्या बैठकीला शक्य तिथे मुलालाही बोलवावं. मी इतकी वर्षं ते वाचत आले होते. कधी बोलावलं नव्हतं. आपण मोठी माणसं मुलाबद्दल बोलतो, मूल वर्गात असतं, अशीच रीत. त्या दिवशी मी सृष्टीला बोलावलं.

मुख्याध्यापकांना ते रुचलं नाही. "मुलीला कशाला बसवता मॅडम? तिच्या तब्येतीचं बोलायचं आहे." माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "मला एवढंच म्हणायचं आहे, उद्या पोरगी पडली, डोक्याला लागलं, तर जबाबदार कोण? बाई नेमायची तर नेमा तुम्ही. पण ती मंजूर होऊन यायला जून उजाडेल. तोवर घरी राहू द्या तिला. जूनमध्ये बघू."

जूनमध्ये बघू, याचा अर्थ त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होता. वंदनाला तर चांगलाच कळला. ती म्हणाली, "सर, घरी दिवसा कोणीच नसते. दाराले कुलूप लावून जावं लागन मले."

मी सृष्टीकडे वळले. "तू का नाही सांगितलंस गं कोणाला?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं," ती म्हणाली. मग टेबलावरच्या अर्जाकडे बघितलं. "बसवूनच राहिले ना."

मी अर्ज बाजूला सारला. शाळेत दुसरं कोण आहे, याचा हिशोब सुरू झाला. शिपाई पुरुष. झाडणारी बाई सकाळी येऊन जाते. वाढणारी गाडीबरोबर निघून जाते. मी एकेक नाव घेत होते आणि खोडत होते, सवयीनं. इंदूबाई इतका वेळ दाराजवळ उभी होती. ती पुढे येऊन सृष्टीच्या बाकाशी खाली बसली.

"तुले कोण चालन, ते सांग ना वं."

सृष्टी बराच वेळ वॉकरच्या रबराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "गावंडे मॅडम."

माझा हात पेन्सिलीसकट थांबला. गावंडे मॅडम ताठ बसून होत्या, त्यांनी फक्त चष्मा काढला. इंदूबाईनं विचारलं, "काहून?"

"त्या कोणाले सांगत नाही," सृष्टी म्हणाली. "दिवाळीच्या आधी मी वर्गात... मले कंट्रोल नाही झालं. सगळे पाहणार होते. तर मॅडमनं आपली पाण्याची बाटली पाडून देली माह्या बाकापाशी. अन् म्हटलं, अरे माझ्या हातून सांडलं, सगळे बाहेर व्हा, फरशी पुसू द्या. अन् मले त्यांची शाल देली. तुले बी नाही सांगितलं त्याईनं, आई."

वंदनानं गावंडे मॅडमकडे पाहिलं. मी मात्र पाहू शकले नाही. वॉकर कमी हवाय बाईला, असं मी म्हटलं होतं, मोठ्यानं.

"म्हणूनच सही केली मी अर्जावर," गावंडे मॅडम म्हणाल्या. "पुन्हा तसं होऊ नये तिचं. एकदा झाकलं मी. दुसऱ्यांदा पोरं काय सोडतात? इंदूबाई गेल्यावर काय करायचं ते मला कळलं नाही. तिला कसं धरायचं ते मला येत नाही. पाडलं तर?"

"मले विचारायचं ना बाई," इंदूबाई म्हणाली. "मी कुठं लंडनले गेली होती."

गावंडे मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. माझ्याकडे नाही, मुख्याध्यापकांकडे नाही, सृष्टीकडे बघून त्यांनी विचारलं, "जेवणाच्या आधी न्यायचं की नंतर?"

"आधी," सृष्टी म्हणाली. "अन् वर्गात विचारू नका. म्हणा, चल, हजेरी ऑफिसात द्यायची आहे."

तो आराखडा मी पेनानं लिहिला. प्रसाधनाच्या रकान्यात: ‘रोज जेवणापूर्वी, वर्गशिक्षिका. आधी गुडघे चोळावेत. चारचौघांत विचारू नये. हजेरी देण्यास बोलवावे.’ रकाना पुरला नाही, म्हणून समासात लिहिलं. वरच्या ऑफिसातून नंतर विचारणा आली की ‘हजेरी देणे’ ही कुठली थेरपी. मी उत्तर दिलं नाही. फिजिओथेरपीची तिसरी पाळी ज्या पोराची काढली होती, त्याला परत दिली. घरच्या शिक्षणाच्या अर्जावर मी लिहिलं, ‘शिफारस नाही.’ इंदूबाई आठ दिवस आली. नवव्या दिवशी मी शाळेत गेले, तर गावंडे मॅडम स्वतःच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधून, बाजूला हजेरीपट घेऊन, सृष्टीच्या पावलांनी व्हरांड्यातून चालत होत्या. मी त्यांची माफी मागायची ठरवून गेले होते. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आराखड्यात ‘पूर्वी’तला ‘पू’ ऱ्हस्व काढलाय तुम्ही." मी म्हटलं, "दुरुस्त करते." माफी राहिलीच.

सृष्टी पाचवीला गेली, त्याच वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात कपाट रिकामं करताना घरच्या शिक्षणाच्या जुन्या अर्जांचा गठ्ठा निघाला. टाचणीला टाचणी, सगळं जागच्या जागी, खाली माझी सही. मी खाली बसून ते सगळे वाचले. ‘प्रकृती योग्य नाही.’ ‘शाळेत बसू शकत नाही.’ ‘वर्गात त्रास होतो.’ एकाही बैठकीत मी मूल बोलावलं नव्हतं. काही पोरं आता अठरा ओलांडून गेली असतील, त्यांच्यासाठी शाळेचं दार बंदच झालं. पण काहींचं वय अजून शाळेचं होतं. ते अर्ज मी निराळे काढले, माझ्या जागी येणाऱ्या मॅडमच्या टेबलावर ठेवले, आणि वर एक चिठ्ठी लावली: ‘यांना विचारायचं राहिलं आहे.’